काइको-कोकोश की अ‍ॅस्टरिक्स: आधी कोणाच्या गावात जायचं?

अ‍ॅस्टरिक्स ही फ्रेंच चित्रकथा वाचलेल्या माणसाने काइको-कोकोश ही पोलिश चित्रकथा उघडली की त्याला वाटतं, हे तर तेच! एक बुटका नि हुशार, दुसरा आडदांड, खादाड आणि बढाईखोर. कुंपणाआडचं एक गाव आणि ते गिळायला टपलेला शत्रू. त्यामुळे घरच्या मुलासाठी दोहोंपैकी एकच मालिका घ्यायची तर कोणती, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर वाचणाऱ्याच्या वयावर ठरतं. पण त्याआधी काइको-कोकोश ही अ‍ॅस्टरिक्सची नक्कल आहे, हा आरोप बाजूला करू.

यानुश क्रिस्ता हे काइको-कोकोशचे पोलिश चित्रकार. पोलंडमधल्या ग्दान्स्क या बंदराच्या शहरातल्या ‘व्येचुर विब्झेझा’ या सायंदैनिकात त्यांची काइतेक आणि कोको या खलाशांची मालिका १९५८ मध्ये सुरू झाली. अ‍ॅस्टरिक्स फ्रान्सच्या ‘पिलोत’ या साप्ताहिकात अवतरला तो ऑक्टोबर १९५९ मध्ये. पुढे १९७२ साली क्रिस्तांनी आपल्या खलाशांना जुन्या स्लाव्ह लोकांच्या काळात नेऊन बसवलं आणि त्यांचे काइको-कोकोश झाले. गावाची कल्पना अ‍ॅस्टरिक्सच्या गॉलवरून, म्हणजे प्राचीन फ्रान्सवरून, सुचली असेलही, पण जोडीचं मूळ त्यांच्या स्वतःच्या खलाशांत आहे. गंमत म्हणजे अ‍ॅस्टरिक्सचे लेखक रने गोसिनी यांचे वडील मूळचे पोलंडच्या वॉर्साचे!

खरा फरक शत्रूत आहे. अ‍ॅस्टरिक्ससमोर रोमन साम्राज्य आहे. साल इसवी सनापूर्वी ५०, सीझरने गॉल जिंकलेलं, एकच गाव उरलेलं. काइकोच्या मिरमिवोवो गावावर चालून येतात ते ‘झ्बुइत्सेझे’. पोलिशमध्ये दरोडेखोर आणि सरदार हे दोन शब्द एकमेकांत घालून हे नाव घडवलंय. मराठीत मी त्यांना ‘लुटवीर’ म्हणेन. हे लुटवीर म्हणजे ट्यूटॉनिक सरदारांचं, मध्ययुगातल्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचं, विडंबन. त्याच सरदारांनी १३०८ मध्ये ग्दान्स्क घेतलं आणि पुढच्या वर्षी जवळच्या मालबोर्कला आपली राजधानी केली. तो प्रचंड विटांचा किल्ला आजही उभा आहे. म्हणजे संध्याकाळचा पेपर हाती घेणाऱ्या ग्दान्स्ककराला हा शत्रू घरच्या अंगणातला होता. लुटवीरांचा सेनापती हेगेमोन दर वेळी नवा डाव आखतो आणि दर वेळी तोंडावर आपटतो, हे पाहताना ग्दान्स्कमध्ये किती जुनं ओझं हलकं होत असेल!

मात्र तारखा शिकवायला हे पुस्तक घेऊ नका. लाकूड-मातीच्या तटबंदीचं स्लाव्ह गाव, चेटकिणी, ड्रॅगन हे सगळं पोलंडने ९६६ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याआधीच्या जगातलं; ट्यूटॉनिक सरदार तिथे आले तेराव्या शतकात. क्रिस्तांनी दोन्ही काळ खुशाल एकत्र कालवले आहेत. अ‍ॅस्टरिक्सही इतिहासाशी खेळतो, पण सीझर, क्लिओपात्रा, रोमन छावण्यांची रचना अशा खुणा त्यात हाताशी लागतात. इतिहासाची गोडी लावायची असेल तर तोच सरस.

लोककथा हवी असेल तर पारडं पार फिरतं. यागा ही चेटकीण आहे, पण मनाने मायाळू. तिचा नवरा वामिग्नात, म्हणजे ‘हाडं मोडणारा’, एकटा पलटण लोळवतो आणि बायकोपुढे मांजर होतो. गावाचा प्रमुख मिरमिव जरा काही बिनसलं की हातपाय गाळतो. त्याला सावरून गाव सांभाळते ती त्याची बायको लुबावा. सोबत मिलुश नावाचं ड्रॅगनचं पिल्लू. बायकोला भिणाऱ्या नवऱ्याचा विनोद पुन:पुन्हा येतो आणि आज तो शिळा वाटतो, हे सांगायला हवं. तरीही यागा आणि लुबावा माझ्या लक्षात राहतात, अ‍ॅस्टरिक्सच्या गावातल्या बायका तेवढ्या राहत नाहीत.

भाषेची अडचण मात्र मोठी. अ‍ॅस्टरिक्सच्या विनोदाचा अर्धा जीव शब्दखेळात आहे. अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी इंग्रजीत तो नव्याने रचला. मूळचा कुत्रा ‘इदेफिक्स’ तिथे ‘डॉगमॅटिक्स’ झाला, नावात कुत्राही आला आणि हट्टही. पण मराठी माध्यमातल्या आठ वर्षांच्या मुलाला ही खुमारी कशी पोचणार? त्याला मारामारी तेवढी दिसते. क्रिस्तांचा विनोद चित्रात आणि प्रसंगात आहे. वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीची सवय असल्याने दर दोन-चार चौकटींनी हशा किंवा उत्कंठेचा झटका येतोच. मोठ्याने वाचताना मराठी करून सांगणंही सोपं जातं.

चित्रांत अ‍ॅस्टरिक्सचे चित्रकार उदेर्झो यांची भरगच्च दृश्यं अजोड आहेत. क्रिस्तांची रेषा गोलसर, स्वच्छ, लहान डोळ्यांना चटकन उमगणारी.

मिळण्याच्या बाबतीत अ‍ॅस्टरिक्स सोपा. इंग्रजी पुस्तकं आपल्याकडे मोठ्या दुकानांत सापडतात. काइको-कोकोशची इंग्रजी भाषांतरं मोजकी आहेत, शोधावी लागतात. नेटफ्लिक्सवर २०२१ मध्ये अ‍ॅनिमेशन मालिका आली, पण आधी पुस्तक हाती द्या.

तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या, इंग्रजीत रमणाऱ्या मुलाला अ‍ॅस्टरिक्स द्या, आणि गोसिनी यांनी लिहिलेल्या पहिल्या २४ पुस्तकांतूनच निवडा. सहा ते दहा वर्षांच्या मुलासाठी थोडी खटपट करून काइको-कोकोशचं ‘फ्लाइंग स्कूल’ मिळवा. पोलंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वाचनयादीत हेच पुस्तक आहे. रात्री शेजारी बसून वाचून दाखवा, आणि कोकोशला आवाज जरा जाडा द्या.