नागपूरच्या उन्हाळ्यात रेफरन्स कोणता: टीसीएक्सओ, ओसीएक्सओ की जीपीएसडीओ?

घरात एचएफचा, म्हणजे शॉर्टवेव्हचा, हॅम रेडिओ आहे, टेबलावर फ्रिक्वेन्सी काउंटर आहे, आणि आता गच्चीवर डिश लावून हौशी रेडिओवाल्यांचा क्यूओ-१०० उपग्रह ऐकायचं डोक्यात आहे. मग प्रश्न येतोच की रेफरन्स ऑसिलेटर, म्हणजे ज्याच्या ठोक्यावरून बाकी उपकरणं आपली फ्रिक्वेन्सी जुळवतात तो, कोणता घ्यायचा? साधा क्रिस्टल, टीसीएक्सओ, ओसीएक्सओ, जीपीएसडीओ, की थेट रुबिडियम? सहसा याचं उत्तर शून्यं मोजून दिलं जातं. दशांशचिन्हापुढे ज्याची शून्यं जास्त तो भारी. नागपुरात मात्र आधी हे ठरवावं लागतं की ती डबी मे महिन्यात ठेवणार कुठे.

साध्या क्रिस्टलपासून सुरू करू. ऑसिलेटरमधली क्वार्ट्झची चकती बहुतेक वेळा एटी कटची असते. तिची फ्रिक्वेन्सी २५ अंशांच्या आसपास बऱ्यापैकी सपाट राहते, त्यापासून लांब गेलं की वळण घेते. पूर्ण तापमानपट्ट्यात २० ते ५० पीपीएम फरक हा सर्वसाधारण आकडा. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. घड्याळाच्या भाषेत २० पीपीएम म्हणजे महिन्याला सुमारे ५२ सेकंद. एफएम रेडिओला किंवा मायक्रोकंट्रोलरला याने काही होत नाही. पण १४ मेगाहर्ट्झवर ३० पीपीएम म्हणजे ४२० हर्ट्झ, आणि डब्ल्यूएसपीआर या क्षीण सिग्नलच्या डिजिटल पद्धतीची खिडकी सगळी मिळून २०० हर्ट्झची. घरी बांधलेला बीकन (आपोआप सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर) जानेवारीत चालला आणि नवतप्यात कुणालाच ऐकू येईना, तर अँटेनाकडे बघण्याआधी क्रिस्टलकडे बघा.

टीसीएक्सओमध्ये तापमान बघून सुधारणा करणारं सर्किट त्याच डबीत असतं. −४० ते +८५ अंशांत अर्धा ते अडीच पीपीएम, वीज नगण्य, किंमत शेकड्यांत. एचएफसाठी विषय इथेच संपतो. ७ मेगाहर्ट्झवर एक पीपीएम म्हणजे ७ हर्ट्झ, कानाला कळणारही नाही. दोन मीटरच्या (१४४ मेगाहर्ट्झ) पट्ट्यावर १४४ हर्ट्झ, तेही चालून जातं. फक्त टेबलावरचा रेडिओ आणि काउंटर एवढंच असेल, तर चांगला टीसीएक्सओ घ्या आणि पुढचं वाचूही नका.

क्यूओ-१०० आला की गणित पालटतं. हा उपग्रह २५.९ अंश पूर्वेला आहे, म्हणजे नागपुरातून पश्चिम-नैऋत्येला, क्षितिजापासून साधारण २६ अंशांवर. त्याचा अरुंद पट्टा १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झ, अवघा अर्धा मेगाहर्ट्झ. डिशसमोर बसून सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणाऱ्या डबीत, म्हणजे पीएलएल एलएनबीमध्ये, २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर तो ३९० पटीने वाढवून ९७५० मेगाहर्ट्झ करतात. चूकही तेवढ्याच पटीने वाढते. एक पीपीएम म्हणजे जवळपास १० किलोहर्ट्झ, आणि एसएसबी या बोलण्याच्या पद्धतीचा आवाज मावतो २.७ किलोहर्ट्झमध्ये. साधा क्रिस्टल १० पीपीएम हलला तरी स्टेशन १०० किलोहर्ट्झ सरकतं.

त्यात आपली दिशा पश्चिमेची. दुपारी तीननंतर ऊन थेट एलएनबीच्या पाठीवर येतं. हवेचा पारा ४५ असताना उन्हातल्या बंद प्लास्टिकच्या डबीचं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं, आणि एखादा ढग आडवा आला की लगेच उतरतं. टीसीएक्सओ हळू बदल छान सांभाळतो, असा झटका आला की त्याचं सर्किट मागे पडतं आणि आवाज क्षणभर पातळ-जाड होतो. एलएनबीवर पांढऱ्या पाइपचा तुकडा किंवा थर्माकोलची टोपी सावलीसारखी बसवली तर निम्मा त्रास जातो. टोपीने फीडचं, म्हणजे डिशकडे बघणारं, तोंड तेवढं झाकू नका.

ओसीएक्सओकडे ओढा सगळ्यांचा असतो, आणि आपल्याकडे चुकीच्या जागी बसवला जातो तो हाच. यात क्रिस्टल एका छोट्या ओव्हनमध्ये ठेवलेला असतो आणि ओव्हन बहुतेक ७५ ते ८५ अंशांवर स्थिर असतो. बाहेर हिवाळा असो की उन्हाळा, आतल्या क्रिस्टलला त्याची खबर नसते. तापमानामुळे होणारा फरक पीपीएमच्या हजाराव्या भागात, म्हणजे पीपीबीत मोजतात. २० पीपीबीचा ओसीएक्सओ एलएनबीला दिला तर १० गिगाहर्ट्झवर चूक २०० हर्ट्झच्या आत. फेज नॉइज, म्हणजे फ्रिक्वेन्सीची बारीक थरथर, हीही कमी, आणि ते महत्त्वाचं, कारण ३९० पटीने गुणल्यावर रेफरन्सचा नॉइज ५२ डेसिबलने वर येतो.

अडचण एवढीच की हा ओव्हन तापवू शकतो, थंड करू शकत नाही. आजूबाजूचं तापमान ओव्हनच्या खाली चांगलं दहा-पंधरा अंश असेल तरच त्याच्या हाती नियंत्रण राहतं. गच्चीवरच्या बंद डब्यात, मेच्या दुपारी, वर ओसीएक्सओची स्वतःची उष्णता मिळवली, की ही जागाच उरत नाही. मग हीटर बंद पडल्यासारखा होतो आणि महागडा ओसीएक्सओ साध्या क्रिस्टलसारखा वाहवत जातो. स्वस्त मॉडेलची वरची मर्यादा ६० किंवा ७० अंशच असते, डेटाशीटमध्ये आधी ती ओळ वाचा. म्हणून ओसीएक्सओ खोलीतच ठेवायचा आणि रेफरन्स केबलने वर न्यायचा. खोलीतही कूलरच्या झोतात नको. झोत आणि दमट हवा दोन्ही त्याला मानवत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे तो सतत चालू हवा. गरम व्हायला काही मिनिटं पुरतात, पण दिवसभर बंद राहिल्यावर पुन्हा अगदी जुन्याच फ्रिक्वेन्सीवर येईल याची खात्री नाही, आणि एजिंग (वयाबरोबर फ्रिक्वेन्सीचं हळूहळू सरकणं) बसायला दिवस लागतात. स्थिरावल्यावर तो दीड वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला साधारण एक युनिट. बिलाची काळजी नाही. काळजी आहे ती लाइट जाण्याची, तेव्हा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. रविवारीच रेडिओ लावणाऱ्याने ओसीएक्सओच्या वाटेला जाऊ नये.

जीपीएसडीओ म्हणजे बहुधा एक बरा ओसीएक्सओ किंवा टीसीएक्सओ, ज्याला जीपीएसच्या सेकंदाच्या ठोक्यावरून सारखं जागेवर आणलं जातं. एजिंगची कटकट संपते, कॅलिब्रेशन लागत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये दोन आउटपुट वेगवेगळे ठेवता येतात: एकातून काउंटरला १० मेगाहर्ट्झ, दुसऱ्यातून एलएनबीला २५. डबा खोलीत, बाहेर फक्त बोटभर अँटेना. उन्हाचा प्रश्न असा जवळजवळ मिटतो. त्याच्या बदल्यात विजांचा येतो. पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भात कशा कडाडतात ते सांगायला नको. गच्चीवरून येणाऱ्या केबलला अरेस्टर (वीज जमिनीकडे वळवणारा भाग) आणि नीट अर्थिंग नसेल, तर डिश आणि जीपीएस अँटेना मिळून वीज घरात आणण्याचे दोन रस्ते होतात.

एक सापळा मात्र टाळा. स्वस्त जीपीएस मॉड्यूलच्या टाइमपल्स (ठोके देणाऱ्या) पिनवरूनच १० मेगाहर्ट्झ काढायचा सल्ला मिळतो. त्या मॉड्यूलच्या आतल्या घड्याळाला १० ने पूर्ण भाग जात नसेल, तर काही ठोके आखूड, काही लांब पडतात. सरासरी बरोबर येते, म्हणून काउंटरवर चित्र देखणं दिसतं. तेच ३९० पट केलं की रिसीव्हरमध्ये नुसता कचरा ऐकू येतो.

रुबिडियमवर फार वेळ घालवत नाही. ६.८३४ गिगाहर्ट्झच्या अणुसंक्रमणावर क्रिस्टलला बांधणारं हे यंत्र जिथे जीपीएस गेल्यावरही वेळ सांभाळायची असते तिथलं आहे. मोबाइलच्या टीडीडी नेटवर्कला (जिथे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं) बेस स्टेशनांचा वेळ दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेला लागतो. जीपीएसशिवाय चोवीस तास तेवढं धरून ठेवायचं तर फ्रिक्वेन्सीतली चूक दहा हजार कोटीत दोनाच्याही आत हवी. आपल्याला ते करायचं नाही. शिवाय जुनं रुबिडियम दहा-पंधरा वॉट उष्णता टाकतं, त्याला मोठा हीटसिंक लागतो, आतला दिवा म्हातारा होतो. भारताच्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं अवकाशात बंद पडली होती. भंगारातून आलेल्याची हमी कोण देणार?

आता फुकटचा पर्याय, जो दुकानदार सांगत नाही. क्यूओ-१०० च्या पट्ट्याच्या मध्यावर, १०४८९.७५० मेगाहर्ट्झला, बीकन सतत चालू असतो. एसडीआर कन्सोलसारखं सॉफ्टवेअर त्याला धरून सगळा ड्रिफ्ट आपोआप वजा करतं. नुसतं ऐकायचं असेल तर टीसीएक्सओ बसवलेला एलएनबी, वर सावली आणि बीकन लॉक, एवढ्यात काम होतं. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करा. अपलिंकही करायचा असेल, म्हणजे उपग्रहाकडे सिग्नल पाठवायचा असेल, आणि टेबलावर मोजमापाची दोन-तीन उपकरणं असतील, तर मधला ओसीएक्सओ गाळून सरळ जीपीएसडीओवर जा. एकटा ओसीएक्सओ मी फक्त त्यालाच सुचवेन ज्याच्या खिडकीतून आकाश दिसत नाही, गच्चीही हाताशी नाही, पण काउंटर रोज लागतो.

आणि तो घेताना बहुधा जुन्या टेलिकॉम उपकरणातून काढलेलाच मिळेल. सीताबर्डीच्या बाजारात हातात घेऊन बघायला मिळाला तर सप्लायला ॲमीटर लावून बघा. १२ व्होल्टचा असेल तर सुरुवातीला तीन-चारशे मिलीअँपिअर ओढेल आणि काही मिनिटांत करंट शंभर-दीडशेवर उतरेल. उतरलाच नाही, किंवा सुरुवातीपासूनच पन्नासच्या खाली असला, तर ओव्हन गेलेला आहे, कितीही स्वस्त देत असले तरी ठेवून द्या.