पाच पानांच्या गोष्टी आणि 150 रुपयांची बांधणी

'अमेझिंग अडल्ट फॅन्टसी' या अमेरिकन कॉमिक्स मासिकाच्या अंकांचा पुनर्मुद्रित खंड मी ऑक्टोबरमध्ये जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून 1,800 रुपयांना मागवला, आणि मे महिन्यात अमळनेरचा पारा 44 अंशांवर गेल्यावर त्याची पाठ सुटून पाने हातात आली. आधीच्या मालकाने पाठीला डिंक थापून डागडुजी केली होती, हे विक्रेत्याने सांगितलेच नव्हते. तक्रार केली तेव्हा 'उन्हात ठेवले असेल' असे उत्तर मिळाले. पुस्तक धाब्याच्या घरात, कपाटात होते.

मजकुराविषयी माझे मत मध्येच बदलले. स्टॅन ली यांच्या लेखणीतून आणि स्टीव्ह डिटको यांच्या कुंचल्यातून 1961-62 मध्ये उतरलेल्या या गोष्टी बहुधा पाचेक पानांच्या आहेत. माणसे साधीच, प्रसंग मात्र विलक्षण. मुखपृष्ठावर वाचकाच्या बुद्धीचा मान राखण्याची ग्वाही असली, तरी दहा-बारा गोष्टींनंतर लबाडाची फजिती मला आधीच कळू लागली आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटले. अमेरिकेतील कॉमिक्ससाठी 1954 मध्ये झालेल्या आचारसंहितेनुसार वाइटाचा पराभव दाखवणे बंधनकारक होते, हे ध्यानात आल्यावर मी शेवटाकडे पाहणे सोडले आणि चित्रांकडे पाहू लागलो. डिटको यांची माणसे घाबरली की त्यांची बोटे आधी घाबरतात. घामाचे थेंब नंतर येतात.

ऑगस्ट 1962 च्या पंधराव्या अंकात, नावातील 'अडल्ट' गळून, स्पायडर-मॅन आला आणि सगळे त्याच 11 पानांविषयी बोलतात. मला त्यामागची, घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची तीन पानांची गोष्ट अधिक आवडते: ज्वालामुखी भडकला असताना बेटावरचे लोक निघून जातात, हा मात्र घंटा सोडत नाही.

विक्रेत्याने पैसे परत केलेच नाहीत. शेवटी बाजारातील बाइंडरकाकांकडे गेलो. त्यांनी सुटी पाने उलटून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, हाई दोरानं काम शे, डिंकनं नही." जुना डिंक खरवडून, पाने शिवून, खळ लावून, नवा पुठ्ठा चढवून त्यांनी 150 रुपये घेतले, हे मात्र मी घासाघीस न करता दिले. कडा साफ करताना दोन सूत कागद गेला, पण आता खंड टेबलावर सपाट उघडतो आणि घडीत लपलेली चित्रेही दिसतात. म्हाताऱ्याच्या घंटेचा दोर पूर्ण दिसला तो असा, आठव्या महिन्यात.