स्लॅबमध्ये सील केलेली थाप, किंमत 5,885 डॉलर

आधीच सांगतो, मी नवखा नाही. अकरा वर्षं एरर नाणी, म्हणजे टांकसाळीत पाडताना चुकून बिघडलेली नाणी, जमवतोय. क्लिप, म्हणजे नाण्याच्या कडेचा तुटका भाग, खरी आहे की कोणी कानशीने घासलीये हे तिच्या बरोबर विरुद्ध बाजूची कड बघून सांगतो. म्हणूनच लिहायला जास्त लाज वाटतेय. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही, इथे सांगतो. लिलावात एक नाणं घेतलं: बोली 4,850 डॉलर, त्यावर लिलाववाल्यांचा 20 टक्के बायर्स प्रीमियम (घेणाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क) म्हणजे 970, कुरिअर आणि विमा 65. एकूण 5,885.

नाणं कुठलं, तर 1970 च्या दशकातलं अमेरिकन प्रूफ क्वार्टर (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं 25 सेंटचं नाणं), सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं 'एस' मार्क असलेलं, डबल स्ट्राइक, म्हणजे ठसा दोनदा उमटलेला. दुसरा ठोका निम्मा बाहेर आणि 90 अंशात फिरलेला, म्हणजे आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावर एक वॉशिंग्टन सरळ आणि त्याच्या गालावर दुसरा आडवा झोपलेला. दिसायला इतकं देखणं की काय सांगू. स्लॅबच्या, म्हणजे ग्रेडिंग कंपनी नाणं तपासून ज्या प्लास्टिकच्या डबीत सील करते तिच्या, लेबलवर ठसठशीत 'मिंट एरर, प्रूफ 65' (65 हा 70 पैकी दर्जा). ग्रेडिंग कंपनी नावाजलेली, नाव घेत नाही, वकिलाची नोटीस परवडणार नाही आता.

आता ज्याची रोज रात्री आठवण येते ते. त्याच लिलावात आणखी तीन नाणी होती, तेच साल, तोच ठोका, तोच कोन. सर्टिफिकेट नंबर ओळीने, शेवटचे आकडे 31, 32, 33, 34. माझं 33. चारही फोटो मी शेजारी-शेजारी उघडून बघितले होते हो! आणि डोक्यात काय आलं, तर 'वा, भावंडं आहेत, सेट जमेल पुढेमागे'. अरे गाढवा, अपघात चार वेळा एकाच कोनात होतो का? तेव्हा टॅब बंद केला असता तर आज हे टाइप करत बसलो नसतो.

आणि प्रूफ म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असंही नाही. साधी नाणी मशीन धडाधड पाडतं, त्यात एखादी चकती कॉलरमध्ये (नाण्याभोवतीच्या कड्यात) नीट बसत नाही, पाडलेलं नाणं बाहेर पडत नाही, त्यावर परत ठोका बसतो, होतं असं. प्रूफचं त्या काळी तसं नव्हतं, पॉलिश केलेली चकती माणूस हाताने ठेवायचा, एकाच जागी किमान दोनदा ठोकायचा, हाताने उचलायचा, वर तपासणी. म्हणजे तिथे असलं नाणं 'चुकून' तयार व्हायला आणि वर चुकून गेटबाहेर जायला किती जणांनी डोळे मिटायला हवेत? कोणीतरी निवांत बसून बनवलंय आणि खिशातून बाहेर काढलंय. अशा मालाला या धंद्यात 'मिंट असिस्टेड' म्हणतात, हा शब्दही मला माहीत होता, फक्त माझ्या नाण्याला तो लागू पडेल असं वाटलं नाही. स्लॅब होता ना. स्लॅबसाठीच तर जास्तीचे पैसे मोजतो आपण.

ग्रेडिंग कंपनीला मेल केला. उत्तर आलं अकरा दिवसांनी, चार ओळी: नाणं टांकसाळीच्या खऱ्या डायने (ठशाच्या साच्याने) टांकसाळीतच पाडलेलं आहे, त्यामुळे ते अस्सल आहे, आमची गॅरंटी अस्सलपणा आणि ग्रेडची आहे, पाडणाऱ्याचा हेतू आम्ही ग्रेड करत नाही. अरे मग 'एरर' कशाला लिहिता? एरर म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे हेतू नव्हता. शब्दातच दिलेली हमी मागितली की हात वर! अस्सल आहे म्हणा, माझी ना नाही, पण लेबलवर 'मुद्दाम बनवलेलं' असंही छापा, आणि मग बघू 4,850 ची बोली कोण लावतो. ते छापणार नाहीत, कारण ही नाणी पाठवणारा त्यांचा मोठा गिऱ्हाईक आहे आणि मी एक नाणंवाला.

लिलाववाले म्हणाले विक्री अंतिम, नाणं नकली निघालं तरच परत. कार्ड कंपनीने तक्रार घेतली, 34 दिवस ठेवली आणि 'वस्तू वर्णनाप्रमाणे आहे' म्हणून बंद केली. फोनवरच्या मुलीने मला तीनदा विचारलं, "सर, कॉइन तुटलेलं आहे का?" ग्राहक तक्रारीच्या पोर्टलवर 'नाणी' हा प्रकारच नाही, 'दागिने' मध्ये टाकली, तर म्हणे सोन्याची पावती जोडा. चार दारं, चारही ठिकाणी मीच वेडा.

बरं, थेट टांकसाळीला कळवावं तर भीती वेगळीच. 1933 च्या डबल ईगलचं, म्हणजे 20 डॉलरच्या सोन्याच्या अमेरिकन नाण्याचं प्रकरण आठवा, एका कुटुंबाने 10 नाणी 2004 मध्ये तपासायला टांकसाळीकडे दिली, टांकसाळीने चोरीचा माल म्हणून ठेवूनच घेतली आणि 2016 ला अपिलातही सरकारच जिंकलं. माझं क्वार्टर चोरून बाहेर आलेलं असेल, आणि असणारच, तर पैसे गेलेच, नाणंही जाईल. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या पोलिसानेच कडेवर अक्षरं नसलेली डॉलर नाणी चोरून विकल्याचं 2011 मध्ये कबूल केलं होतं, तेव्हा आत असं काही होत नाही वगैरे कोणी मला सांगू नये.

काही जुने मित्र म्हणतात, 1913 चे पाच लिबर्टी निकेल (पाच सेंटची नाणी) पण असेच मागच्या दाराने आलेले, लाखो डॉलरला जातात, तू कशाला रडतोस. फरक आहे राव. त्या पाचांची कुंडली जगाला माहीत आहे, घेणारा ती वाचूनच पैसे टाकतो. मला कोणी कुंडली दाखवली? मला 'चूक' म्हणून विकलं.

विकायला काढलं तर एका डीलरने लूपही (भिंगही) न लावता 1,100 सांगितले, "यातली मी सहा बघितलीत" म्हणाला. सहा! तुम्ही घेत असाल तर आधी सर्टिफिकेट नंबर टाकून आजूबाजूचे नंबर तपासा. प्रूफवर भारी एरर दिसला की पहिले हात खिशात घाला. आणि विकणाऱ्याला 'हे बाहेर कसं आलं' एवढंच लेखी विचारा, गप्प बसला तर समजा.

परवा बघतो तर नवीन लिलावात तोच कोन, तोच आडवा वॉशिंग्टन. शेवटचे आकडे 35. बोली 2,300 वर होती आणि वेळ शिल्लक होता सहा दिवस.