दुबईची पहिली खेप: मुक्काम बर दुबईत की मरीनाला?

विमानाचं तिकीट ठरतं, व्हिसाचा एजंट ठरतो, बुर्ज खलिफा तर आधीपासून ठरलेलाच असतो. गाडी अडते ती हॉटेलवर. घरातल्या तरुण मंडळींना मरीना, म्हणजे समुद्राकाठचा नवा भाग, हवं असतं, कारण फोटोत तेच दिसतं. आईबाबांच्या ओळखीतलं कुणीतरी जुन्या शहरातल्या बर दुबईत राहून आलेलं असतं आणि तिथे सकाळी गरम इडली मिळते, एवढं त्यांच्या पक्कं लक्षात असतं. मी दोन्हीकडे राहिलोय. एकदा आईबाबांना घेऊन बर दुबईत, एकदा बहीण आणि दोन भाच्यांबरोबर, शेवटचे दोन दिवस मरीनाला. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या खेपेला बर दुबई. पण हे मत सगळ्यांना लागू नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

आधी नकाशा बघा. दुबई मुंबईसारखीच समुद्राच्या कडेने लांबट पसरली आहे. एका टोकाला खाडी. तिच्या एका काठावर देरा, समोरच्या काठावर बर दुबई. तिथून शेख झायेद रस्ता धरला की आधी बुर्ज खलिफा आणि दुबई मॉल लागतो, मग मॉल ऑफ द एमिरेट्स, आणि त्याच्याही पुढे मरीना. मेट्रोची रेड लाइन २००९ पासून बराचसा प्रवास याच रस्त्याच्या कडेने करते. ग्रीन लाइन २०११ मध्ये आली, ती जुन्या भागातून फिरते. या दोन्ही लाइनी जिथे मिळतात त्यातलं एक स्टेशन बर दुबईतच आहे, बुर्जुमान. तिथलं दादर म्हणा. बुर्जुमानहून दुबई मॉल साधारण पाव तास, मरीना पाऊण तासाच्या आतबाहेर. म्हणजे बर दुबईत राहिलात तर जुनं शहर पायाखाली आणि बुर्ज खलिफा हाकेच्या अंतरावर. मरीनाला राहिलात तर समुद्र पायाखाली, पण देऱ्याच्या सोन्याच्या बाजारात जायचं म्हणजे गाडी बदलून तासाभराचा प्रवास.

हा हिशेब घरी बसून क्षुल्लक वाटतो. तिथे दुपारी दोन वाजता वाटत नाही. नोव्हेंबर ते मार्च हवा छान असते, पण मे ते सप्टेंबर पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि वर समुद्राची दमट हवा. आमच्या पहिल्या हॉटेलने 'मेट्रोपासून पाच मिनिटं' असं लिहिलं होतं. ती पाच मिनिटं मोटारीची निघाली. बाबा रोज त्या रस्त्याने चालताना काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी टॅक्सीला स्वतःच हात केला. तेव्हापासून मी हॉटेलचे तारे नंतर बघतो. आधी नकाशावर स्टेशनच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत चालत किती मीटर, ते मोजतो. चारशेच्या वर गेलं की सोडून देतो. स्टेशनजवळ असूनही पाय दुखतातच, ती गोष्ट वेगळी: दुबई मॉलच्या स्टेशनवर उतरून मॉलपर्यंत जाणारा वातानुकूलित पूल आठशे मीटरहून जास्त लांब आहे. सरकते पट्टे आहेत, तरी गुडघे दुखणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

विमानतळाच्या बाबतीत बर दुबई सरळ जिंकते. टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो आहे, टर्मिनल २ ला नाही, तेव्हा तिकिटावर कुठलं टर्मिनल आहे ते बघून घ्या. मेट्रोत माणशी एक मोठी आणि एक छोटी बॅग चालते. भारतातून येणारी बरीच विमानं मात्र अपरात्री उतरतात, तेव्हा मेट्रो बंद असते. मग टॅक्सी. विमानतळावरून घेतलेल्या टॅक्सीचं मीटरच २५ दिरहमपासून सुरू होतं. बर दुबईपर्यंत ते फार चढत नाही. मरीना तिथून तिसेक किलोमीटरच्या पुढे, त्यात वाटेतला सालिक नावाचा टोल भाड्यात धरला जातो.

खाण्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण भांडणं तिथेच होतात. बर दुबईतला मीना बाजार आणि शेजारचं करामा इथे पोळी-भाजी, डोसा, थाळी, पाणीपुरी, वडापाव, सगळं चालत जाऊन मिळतं, आणि मराठी माणसाच्या मोडक्यातोडक्या हिंदीवर सगळं भागतं. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात, बहुतेक केरळच्या माणसाच्या, 'करक' मागा. तो आपलाच कडक चहा, नाव बदललेला. सकाळी आईला तो प्याला हातात मिळाला की दिवसाची निम्मी लढाई जिंकली. मरीनाला खायला कमी नाही, उलट जास्तच आहे, पण पाण्याकाठच्या टेबलाचे पैसे थाळीत धरलेले असतात. चार माणसांचं एक जेवण तिथे ज्या पैशांत होतं, त्यात करामात दोन्ही वेळचं भागतं. पाच दिवसांनी फरक खिशाला कळतो.

हॉटेलचं भाडंही जुन्या भागात कमी. शिवाय बर दुबईत छोट्या स्वयंपाकघरासह खोल्या देणारी बरीच हॉटेलं आहेत, आणि आपल्याकडे पिशवीत पोहे-मेतकूट घेतल्याशिवाय घर सोडत नाहीत. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: बुकिंगच्या रकमेशिवाय 'टुरिझम दिरहम' हा कर काउंटरवर वेगळा भरावा लागतो, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहम.

पिशवीचा विषय निघालाच आहे तर: खसखस नेऊ नका. तिकडे ती अमली पदार्थांत मोडते आणि बंदी आहे. दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या घरीच ठेवाव्यात. विड्याची पानं आणि गुटखाही नाही. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल किंवा दुखण्याच्या गोळीत ट्रॅमाडॉल असेल, तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. आईबाबांच्या गोळ्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटातच न्या.

आता मरीनाची बाजू, कारण ती खरी आहे. लहान मुलं बरोबर असतील आणि सुट्टीचा अर्थ समुद्र असेल, तर तिथेच राहा. मरीनाला लागून असलेला जेबीआरचा (जुमेरा बीच रेसिडेन्स) किनारा सगळ्यांना खुला आणि फुकट आहे, हॉटेलपासून चालत पाच-दहा मिनिटांवर. भाचे दोन्ही दिवस सकाळी सातला वाळूत आणि नऊला आंघोळ करून नाश्त्याला, ही चैन बर दुबईत नाही. खाडीत डुंबता येत नाही. खाडीत बसायचं ते अब्रात, त्या उघड्या लाकडी होडीत, १ दिरहम सुटा हातात ठेवून. संध्याकाळी मरीनाच्या काठाने चालायला मस्त, ट्रॅमही दारात. आणि माझ्यासारख्याला आश्चर्य वाटलं ती गोष्ट म्हणजे देऊळ. देवदर्शन सोपं जावं म्हणून बर दुबई निवडत असाल तर थांबा: जेबेल अलीचं मोठं मंदिर २०२२ मध्ये उघडलं, जुन्या शंकराच्या देवळाचा कारभारही पुढे तिकडेच गेला, आणि जेबेल अली मरीनाच्या बाजूला आहे. अबुधाबीचं २०२४ मध्ये उघडलेलं दगडी मंदिरही गाडीने मरीनाहूनच जवळ.

शारजा स्वस्त पडतं म्हणून सुचवणारा एखादा भाऊजी प्रत्येक घरात असतो. तिथे मेट्रो नाही, सकाळ-संध्याकाळ दुबईच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. विषय संपला.

कुठेही राहा, उतरल्यावर मेट्रो-बससाठी प्रत्येकाचं वेगळं नोल कार्ड काढा. सिल्व्हर कार्ड २५ दिरहमचं, त्यात १९ दिरहम वापरायला मिळतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मेट्रोत बायका-मुलांचा डबा वेगळा असतो. गर्दीत चुकून त्यात शिरलेल्या पुरुषाला १०० दिरहम दंड, आणि डब्यात चिंगम चघळलं किंवा वेफर्स खाल्ले तरी तेवढाच. रस्ता भलतीकडून ओलांडायची आपली सवय ४०० दिरहमला पडते. व्हॉट्सॲपवर निरोप जातात पण कॉल लागत नाहीत, हे घरी आधीच सांगून निघा, नाहीतर पहिल्याच रात्री आजी घाबरते. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे, न विचारता फोटो काढू नका. तो तिथे गुन्हा धरतात.

सोन्याबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की सांगतोच. बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम दागिने करमुक्त आणता येतात, हे अर्धसत्य आहे. ती सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी. पाच दिवसांच्या पर्यटकाला ती नाही. देऱ्याच्या बाजारात बांगड्या बघा, हौसेने बघा, पण घेताना भारतातला सीमाशुल्काचा आकडा मनात धरूनच घ्या.

तर निवड. आईबाबा बरोबर असतील, पहिलीच खेप असेल, खर्चाकडे लक्ष असेल: बर दुबई, बुर्जुमान स्टेशनच्या जवळ. फक्त नवराबायको किंवा लहान मुलांचं कुटुंब, आणि दिवसातून दोनदा समुद्र हवाच: मरीना. पाच-सहा रात्री हातात असतील तर दोन मरीनाला आणि उरलेल्या बर दुबईत, पण क्रम उलटा करू नका. आम्ही उलटा केला होता. आधी देऱ्यातून खजूर, केशर, मसाले भरले, मग त्या फुगलेल्या बॅगा मरीनाला ओढत नेल्या आणि दोन दिवसांनी विमानासाठी पुन्हा त्याच रस्त्याने परत. समुद्र आधी उरकून घ्या. खरेदी शेवटच्या दोन दिवसांत, तिथून विमानतळ जवळ.