ट्रॅकसाठी हलकी गाडी: घरची स्विफ्ट, भाड्याची फॉर्म्युला, की सेव्हनसारखी बांधून घ्यायची?

भाच्यानं मागच्या उन्हाळ्यात आपली 2018 ची पेट्रोल स्विफ्ट मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर चढवली. पुढं हळदीच्या पोत्यांचा ट्रक, मागं कांद्याचा टेम्पो, मधे ही. काटा म्हणाला 870 किलो. मग घरी येऊन त्यानं स्टेपनी, जॅक, मागचं सीट, डिकीतला गालिचा, सगळं उतरवलं आणि परत जाऊन वजन केलं. 810.

"मामा, साठ किलो कमी केलं. आता ट्रॅकला चालतंय का?"

चालतंय की. पण त्याला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. हलकी, उघडी, फक्त चालवण्यासाठी बनवलेली गाडी ट्रॅकवर कशी लागते याचं त्याला वेड लागलंय, आणि त्या वेडापायी स्विफ्टवर पैसे घालायचे, की कोईमतूर-चेन्नईला जाऊन फॉर्म्युला, म्हणजे एका सीटची उघड्या चाकांची रेस गाडी, भाड्यानं चालवायची, की कुपवाडच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून इंग्लंडच्या कॅटरहॅम कंपनीच्या सेव्हन या उघड्या, दोन सीटांच्या गाडीसारखा सांगाडाच बांधून घ्यायचा, हे त्याला ठरत नव्हतं. त्याच्यासारखी आणखी चार पोरं मला हेच विचारून गेलीत. म्हणून सविस्तर लिहितो.

वजन म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. शर्यतीचा छकडा कुणी भरभक्कम बांधत नाही. ऊस वाहायची गाडी वेगळी आणि शर्यतीचा छकडा वेगळा. छकड्यात चाकं, जू आणि माणूस उभा राहील एवढीच जागा, कारण बैलांची ताकद तेवढीच असते आणि लाकूड ओढण्यात ती घालवायची नसते. 1957 मध्ये लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन काढली ती याच हिशेबानं: पाईपचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन सीटं, दार नाही. 1973 मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमनं घेतले आणि ती गाडी आजही त्याच बांधणीत तयार होते.

आता एक जोडी शेजारी ठेवून बघा. कॅटरहॅमनं 2021 मध्ये सेव्हन 170 आणली. तिच्यात सुझुकीचं 660 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, 84 बीएचपी ताकदीचं. भाच्याच्या स्विफ्टमध्येही सुझुकीचंच, 1.2 लिटरचं, 82 बीएचपीच्या आसपासचं. ताकद जवळजवळ एकच. पण सेव्हन 170 चं वजन 440 किलो. 75 किलोचा माणूस बसवला की स्विफ्ट 945 आणि सेव्हन 515. म्हणजे प्रत्येक बीएचपीच्या वाट्याला स्विफ्टमध्ये साडेअकरा किलो येतात, सेव्हनमध्ये सहा.

पोरं इथं लगेच पिकअपचं बोलायला लागतात. ट्रॅकवर खरा फरक ब्रेकला पडतो. ताशी 100 किलोमीटरवरून थांबायचं तर स्विफ्टच्या ब्रेकला साधारण 365 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलून पचवावी लागते. सीट-स्टेपनी काढलेल्या स्विफ्टला 341. सेव्हनला 199. दर लॅपला पाच-सहा वेळा, आणि वीस मिनिटं सलग. साठ किलो उतरवण्याचा फायदा आहे, पण तो किती हे या आकड्यांत दिसतं. भाचा पहिल्यांदा ट्रॅकवर गेला तेव्हा सहाव्या लॅपला त्याचं ब्रेक पेडल फळीला टेकलं. पॅड चांगले होते, डिस्क चांगल्या होत्या. ब्रेक ऑइल तीन वर्षांचं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 चं नवं ऑइल निदान 230 अंशापर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. नशिबानं पुढं मोकळी जागा होती.

म्हणून स्विफ्ट न्यायची असेल तर खर्चाचा क्रम माझ्या मते असा: आधी ताजं ब्रेक ऑइल, मग उष्णता सोसणारे पॅड, मग टायर. मोठा सायलेन्सर आणि एअर फिल्टर यांना मी एक पैसाही देणार नाही. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: आपल्या नेहमीच्या गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर तो खर्च तुमचा. गाडीवर हप्ता चालू असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे.

चालवायला स्विफ्ट कशी? प्रामाणिकपणे सांगतो, चांगली आहे. पण पुढची चाकं ओढतातही आणि वळतातही, त्यामुळे वेगात वळणात घातली की ती पुढून सुटते, बाहेर सरकते. रेस सोडली की नाक परत आत येतं. एवढं कळलं की ती फारशी फसवत नाही, आणि शिकणाऱ्याला हे सुरक्षित आहे. पण तासभर चालवल्यावर मनात राहतं ते एकच: पुढच्या टायरांवर आपण अन्याय करतोय. संध्याकाळी त्या टायरांच्या कडा बघितल्या की ते दिसतंही.

सेव्हन मी चालवली आहे. कामानिमित्त इंग्लंडला गेलो होतो, तिथं जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर अर्धा दिवस भाड्यानं मिळाली. तो अर्धा दिवस मी कधी विसरणार नाही. बसता ते जवळपास मागच्या ॲक्सलवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर. लांब बॉनेटच्या पलीकडे पुढची दोन्ही चाकं उघडी, वळताना, उडताना समोर दिसतात. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही. पेडल इतकी जवळजवळ की माझे नेहमीचे बूट चालले नाहीत, अरुंद तळव्याचे मागून घ्यावे लागले. पहिली दोन वळणं मी स्विफ्टच्या सवयीनं घेतली, म्हणजे स्टीअरिंग जास्त फिरवलं, आणि गाडी माझ्या अपेक्षेआधीच वळली. तिसऱ्या वळणापासून मनगट पुरलं. वळणाच्या मध्यावर रेस थोडी दिली की मागचा भाग किंचित बाहेर येतो आणि ते तुम्हाला डोळ्यांआधी कमरेत कळतं. चूक केली की लगेच कळतं, दुरुस्त केली की तेही लगेच कळतं. मी आयुष्यात अनेक गाड्या चालवल्या, पण आपण काय केलं आणि गाडीनं काय केलं यात इतकं कमी अंतर दुसऱ्या कशात अनुभवलं नाही.

सेव्हन 170 चे टायर 155 चे आहेत. स्विफ्टच्या साध्या मॉडेलचे सुद्धा 165. अरुंद टायर असूनही गाडी धरते, कारण टायरवर भारच कमी असतो, आणि रबराची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच मिळते. हलकी गाडी वळणात पुढं जाते ती इथं.

तिची कमजोरीही सांगायला हवी. उघडी चाकं, सपाट काच, त्यामुळं वारा तिला अडवतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारखा किलोमीटरभराचा सरळ पट्टा असेल तर जड पण गुळगुळीत गाडी तिला मागं टाकेल. पाऊस आला तर भिजायचं. एअरबॅग नाही. आणि भारतात ती विकत मिळत नाही. परदेशातून पूर्ण बांधलेली आणायची तर सीमाशुल्कानं किंमत अशी फुगते की त्या पैशात माणूस दहा वर्षं भाड्यानं रेस गाड्या चालवेल.

म्हणजे बांधून घ्यायची? कुपवाडात, साताऱ्याच्या एमआयडीसीत पाईप वाकवणारे, टिग वेल्डिंग करणारे हात अस्सल आहेत, याबद्दल मला शंका नाही. इंजिनिअरिंगची पोरं बाहा आणि सुप्रा स्पर्धांसाठी पाईपच्या सांगाड्यांच्या गाड्या बांधतातच. पण वेल्डिंग जमलं म्हणजे गाडी जमली असं नाही. सस्पेन्शनचे हात नेमके कुठं जोडले, चाक वरखाली होताना त्याचा कोन किती बदलतो, सांगाडा किती पिळतो, यावर सगळं उभं आहे. सांगाडा पिळला की स्प्रिंग आणि शॉकॲब्झॉर्बर नीट काम करत नाहीत, आणि ती गाडी हलकी असूनही वाईट चालते. शिवाय प्रकार-मान्यता, म्हणजे त्या मॉडेलची चाचणी होऊन मिळालेली सरकारी मंजुरी, नसलेल्या गाडीला आरटीओत नंबर मिळत नाही, म्हणजे ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर न्यायची. ज्याला बांधण्याचीच आवड आहे त्यानं तीन वर्षं यात खुशाल घालावीत, मी स्वतः मदतीला येईन. ज्याला चालवायचं आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

उरली फॉर्म्युला. फॉर्म्युला एलजीबी 4 ही आपल्या देशातल्या रेसिंगची बालवाडी म्हणा: पाईपचा सांगाडा, एक सीट, उघडी चाकं, पाठीमागं मारुती सुझुकीचं 1300 सीसीचं इंजिन. प्रशिक्षण देणाऱ्या संस्था ती कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर देतात. करी साधारण 2.1 किलोमीटरचा, चेन्नईचा 3.7 किलोमीटरचा आणि 12 वळणांचा. गाडी त्यांची, टायर त्यांचे, मेकॅनिक त्यांचा, आणि शिकवणारा शेजारी उभा. सेव्हनमधला तो सरळपणा हिच्यातही आहे: जड काही नाही, मधे काही नाही. मला हिच्यात एकच खटकलं, माणूस पट्ट्यांत इतका आवळलेला असतो की पहिल्या दिवशी अर्धं लक्ष श्वासाकडे जातं. प्रवास लांब आहे. सांगलीहून दोन्ही ठिकाणं हजार किलोमीटरच्या आसपास. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली की सकाळी बंगळूर, तिथून पुढं बस किंवा रेल्वे.

पण मी कुणालाही थेट तिकडं पाठवत नाही. आधी कोल्हापूर. मोहिते रेसिंग ॲकॅडमीचा गो-कार्टचा ट्रॅक सांगलीपासून दीड तासावर आहे. कार्टला सस्पेन्शन नाही, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शिअल नाही, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर पक्की. वळण घ्यायचं तर आतलं मागचं चाक जमिनीवरून हलकं व्हावंच लागतं, नाहीतर कार्ट वळत नाही, नुसती घासत जाते. ते चाक उचलणं हे तुमच्या ब्रेकवर, स्टीअरिंगवर आणि अंगाच्या भारावर असतं. वजन एका चाकावरून दुसऱ्यावर कसं जातं हे इतक्या स्वस्तात आणि इतक्या स्पष्टपणे दुसरं काहीच शिकवत नाही. शिवाय तुमचे 75 किलो हा तिथं एकूण वजनाचा मोठा हिस्सा असतो. जेवणानंतर लॅप किती मंदावतो हे घड्याळात दिसतं.

आणि खंबाटकी, पसरणी किंवा कासचा घाट याला ट्रॅक समजणाऱ्यांसाठी माझ्याकडे कसलीही तुलना नाही. तिथं समोरून एसटी येते, दुधाची गाडी येते, पोरं शाळेला चालत जात असतात. सरळ सांगतो, ते करू नका.

भाच्याचं आता असं ठरलंय: दिवाळीपर्यंत महिन्यातून दोन रविवार कोल्हापूरला कार्ट, डिसेंबरात कोईमतूरला फॉर्म्युलाचे दोन दिवस. स्विफ्टचं मागचं सीट परत बसवलं, कारण आईला तासगावला न्यायचं असतं. ब्रेक ऑइल मात्र गेल्या शनिवारी बदललं. जुनं काढलं तेव्हा चहासारखं तांबूस झालेलं होतं.