अंगठ्यानं पीएच बदलणारा माणूस : घरी स्विमिंग पूल असेल तर वाचाच

हे लिहायला खरं तर लाज वाटतेय. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंचवीस वर्षं काढलेला माणूस, लेथवर जॉब जरा इकडंतिकडं झाला तर आवाजावरनं ओळखतो, आणि मला एका गोडबोल्या माणसानं धुण्याचा सोडा विकून 41 हजारांची टोपी घातली.

आमचं घर कळंब्याच्या बाजूला, मागं थोडी मोकळी जागा होती. पोराला पोहायचं वेड. वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचा, 2010 च्या एशियन गेम्समध्ये ब्राँझ आणलेला, हे त्याला कोणीतरी सांगितलं आणि तेव्हापासनं घरात दुसरा विषय नाही. आबा म्हणायचे, "आमी हिरीत पवायला शिकलो कंबरंला भोपळा बांधून, ह्ये कशाला पायजे?" पण बांधला शेवटी. 20 बाय 10 चा, खोली सरासरी 4 फूट, आतनं टाइल्स. मार्चमध्ये टँकरनं भरून घेतला.

आठवड्यात हा माणूस दारात. टाइल्सवाल्याकडनं कळलं म्हणाला. शर्ट इन केलेला, हातात निळी बॅग, बोलायला लोण्यासारखा. बॅगेतनं दोन नळ्यांचा टेस्ट किट काढला, पूलमधनं पाणी घेतलं, नळीत लाल औषधाचे पाच थेंब टाकले, तोंडावर अंगठा दाबून दोनदा उलटीसुलटी केली आणि पाणी पिवळंजर्द. "सर, पीएच 6.8 च्या खाली. म्हणजे पाणी ॲसिडिक. पोरांच्या डोळ्याला, टाइल्सच्या जोडाला, पंपाच्या सीलला, सगळ्याला मार." किटवरचा कार्ड शेजारी धरला, रंग खरंच जुळत होता, मी काय बोलणार. वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट, 24 हजार, ॲडव्हान्स, गूगल पेवर पाठवा. बिल म्हणून वहीतलं एक पान फाडून दिलं, त्यावर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण बायको म्हणाली "माणूस बरा वाटतोय" आणि मलाही वाटला, तिच्यावर कशाला ढकलू.

मग सुरू झालं. दर आठवड्याला येणार, नळीत पिवळा रंग दाखवणार आणि पांढऱ्या पावडरची पिशवी ओतणार, "इम्पोर्टेड पीएच बॅलन्सर". दोन आठवड्यांत पाणी हिरवट झालं. क्लोरीन टाकतोय तरी हिरवं. मग निळ्या लिक्विडचा कॅन, "शेवाळ-किलर", 3200 रुपये, हे एएमसीत बसत नाही सर. मग पाणी दुधी झालं. मग "क्लॅरिफायर" नावाचे खडे. एक गेलं की दुसरं. एप्रिलअखेर एएमसीच्या वर अजून 17 हजार गेले होते आणि मेव्हणी सुट्टीला आली ती आठवड्यानं हिरव्या केसांची होऊन गेली. केस तिनं गोल्डन करून घेतले होते, ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पहिली शंका टँकरवाल्यामुळं आली. डोस जास्त का लागतोय विचारलं तर हा गडी म्हणाला, "सर तुमचा पूल 60 हजार लिटरचा आहे." आणि त्याच दिवशी टँकरचं जुनं बिल हाताला लागलं. 10 हजारी टँकर, दोन पूर्ण आणि तिसरा थोडाच रिकामा केलेला. साधा हिशोब, 20 गुणिले 10 गुणिले 4 म्हणजे 800 घनफूट, एका घनफुटात 28.3 लिटर, झालं साडेबावीस हजार लिटर. म्हणजे प्रत्येक गोष्ट अडीच पटीनं जास्त जात होती. आणि मी, जो दुकानात ग्रॅमचा हिशोब ठेवतो, घरात साठ हजार ऐकून मान हलवत होतो.

दुसरं पोरानं पकडलं. तो नऊ वर्षांचा, त्याला त्या टेस्टचं लई अप्रूप, प्रत्येक वेळी शेजारी उकिडवा बसायचा. एक दिवस म्हणाला, "पप्पा, काका आधी अंगठा फडक्याला पुसतात, मग नळी बंद करतात. मी पण तसंच करणार." किटला टोपण असताना अंगठा कशाला? पुढच्या खेपेला ते फडकं कठड्यावर विसरून गेला. ओलसर होतं. आबांनी जिभेला लावलं (नका म्हटलं तरी) आणि तोंड वाकडं केलं, आंबटढाण. लिंबूफूल! मी 600 रुपयांचा नवीन किट आणला, तेच पाणी, टोपण लावून हलवलं तर गडद लाल, म्हणजे पीएच 8.2 किंवा वर, ॲसिडिकच्या बरोबर उलट. मग त्या फडक्याला अंगठा घासून दुसरी नळी हलवली. पिवळी. मी कठड्यावर बसलोच.

त्यानंतर आबांनी सगळा माल बाहेर काढला. निळा कॅन उघडून बघितला न बघितला तोच, "आरं ह्ये मोरचूद हाय. हिरीत शेवाळ झालं की फडक्यात बांधून सोडत न्हवतो का आपण." खडे म्हणजे तुरटी, ती तर बायकोनंच ओळखली. पांढरी पावडर तिनं ओल्या तळहातावर चिमूटभर घेतली, बुळबुळीत आणि चक्क कोमट लागली, वर लिंबू पिळलं तर फसफसली. धुण्याचा सोडा.

माझा एक मित्र कागल एमआयडीसीत ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बघतो, त्याला रात्री बोलावलं. त्यानं जे सांगितलं त्यानं झोप उडाली, कारण हा माणूस नुसता महाग विकत नव्हता, एक पावडर दुसरीचं गिऱ्हाईक तयार करत होती. नवीन टाइल्सच्या सिमेंटमुळं पीएच आधीच चढता असतो. त्यात हा तो अजून चढवणारा सोडा ओततोय. पीएच 7.5 ला असेल तर टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मा कामाला येतो, 8.5 ला गेला की जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचा नुसता पाण्यात बसून राहतो, म्हणून शेवाळ. शेवाळावर मोरचूद, ते म्हणजे तांबं, तेच केसाला धरलं आणि चढ्या पीएचला पायऱ्यांवर निळसर डाग पाडून बसलं. चढ्या पीएचला पाण्यातला कॅल्शियमही सुटून दुधी दिसतं, म्हणून तुरटी. आणि डोळे चुरचुरायचे, वास यायचा, त्याला हा म्हणायचा "क्लोरीन जास्त झालंय सर". उलट आहे, तो उग्र वास घाम-लघवीला चिकटून वापरलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे ताजा क्लोरीन कमी पडतोय.

दुरुस्ती मित्रानंच सांगितली. अर्धं पाणी काढलं, तेही ओढ्यात सोडू नको म्हणाला, तांब्यानं तळ्यातले मासे मरतील, म्हणून थोडं थोडं ड्रेनेजला. नवीन पाणी भरून हार्डवेअरच्या दुकानातलं साधं ॲसिड, हातमोजे-चष्मा घालून, बादलीत आधी पाणी मग ॲसिड, उलटं कधीच नाही, एका वेळी पाव लिटर, पंप चालू ठेवून, चार तासांनी परत टेस्ट. क्लोरीनचा कॅन त्या दिवशी तिथं आणायचाच नाही, दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये आणायला चार दिवस गेले. आता रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर लिक्विड क्लोरीन. 10 टक्केवाला पाव लिटर टाकला की आमच्या पूलमध्ये साधारण 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) चढतो, आकडा 1 ते 3 मध्ये ठेवायचा. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच जागेवर धरून ठेवायची पाण्याची ताकद, 80 ते 120 पीपीएम, ती आठवड्यातनं एकदा बघतो. नळी पोरगं भरतं, टोपण लावून. सगळा महिन्याचा खर्च हजारच्या आत.

तुमच्याकडं असा कोणी येत असेल तर नळी स्वतःच्या हातात घ्या आणि लिटर किती धरलेत ते लिहून मागा, बघा कसा सटकतो. कॅनवर लेबल, कंपनी, आतला माल काय हे छापलेलं नसेल तर पूलमध्ये जाऊ देऊ नका, पोरं ते पाणी गिळतात हो.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून तक्रार नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत जायचं असतं, ती पण तयारी चाललीय. बिल नाही, पण गूगल पेचे स्क्रीनशॉट आहेत, कॅन आणि पिशव्या माळ्यावर ठेवल्यात, फडकं पण डब्यात बंद करून. पैसे मिळतील का माहीत नाही. पायऱ्यांवरचे निळे डाग अजून घासतोय.

परवा त्याचा मेसेज आला, रिन्यूअल आत्ता केलं तर 10 टक्के सूट. मी एवढंच विचारलं, आमचा पूल किती लिटरचा धरलाय? निळ्या टिका पडल्या. अजून उत्तर नाही.