बीबीए-एलएलबी, की आधी बीकॉम आणि मग एलएलबी?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतली कॉमर्सची मुलं मला हा प्रश्न हमखास विचारतात. मी पुण्यात पाच वर्षांचं बीबीए-एलएलबी केलं, म्हणजे व्यवस्थापन आणि कायदा अशी जोडपदवी. माझ्या आतेबहिणीनं आधी बीकॉम केलं, मग तीन वर्षांचं एलएलबी. पाच वर्षं आणि सहा वर्षं, एवढा फरक सगळ्यांनाच दिसतो. मीही त्या एका वर्षाकडे बघूनच प्रवेश घेतला होता.

जोडपदवीत गोडी आहे, हे आधी सांगतो. दुसऱ्या वर्षी सकाळी कॉस्टिंगचा, म्हणजे खर्चाच्या हिशेबाचा, तास असायचा आणि त्याला लागूनच करार कायद्याचा. कलम 73, म्हणजे करार मोडल्यावरची नुकसानभरपाई, शिकताना सरांनी विचारलं, ‘नफा बुडाला म्हणता, पण किती बुडाला?’ तासाभरापूर्वी वहीत काढलेलं कॉन्ट्रिब्यूशन, म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा करून उरलेली रक्कम, तिथं उपयोगी पडलं. वर्ग एकदम जागा झाला. असे दिवस मोजकेच आले, एरवी मार्केटिंग आपल्या वाटेनं आणि कायदा आपल्या वाटेनं जायचा. इंटर्नशिप मात्र जास्त मिळते. तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला 20.

मला खटकलं ते वेगळंच. तिसरं वर्ष संपताना वडील आजारी पडले आणि घरात पगार येणं गरजेचं झालं. बँकेच्या भरतीचा अर्ज भरायला बसलो आणि ‘पदवी’च्या रकान्यापाशी थांबलो. सहा सेमिस्टरच्या मार्कशीट समोर होत्या, सगळ्या पास. पण मी पदवीधर नव्हतो, कागदोपत्री बारावी पासच होतो. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार जोडपदवी मध्येच तोडून बीबीए वेगळं देता येत नाही. प्रवेश घेताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मामांनी दोन वर्षांची फी भरली म्हणून मी वकील झालो. आतेबहीण मात्र बीकॉमनंतर वर्षभर एका सीएकडे कामाला राहिली, एलएलबीच्या फीचे पैसे स्वतः साठवले आणि मग आली.

तिच्या वाटेतही अडचणी आहेतच. पुन्हा सीईटी, पुन्हा प्रवेशाच्या फेऱ्या, आणि त्या रेंगाळल्या की पहिलं सेमिस्टर उशिरा सुरू होतं. नोकरी सांभाळून एलएलबी करू म्हणाल तर प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते, त्यात फार ओढाताण होते. न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली करणं आलंच, तेव्हा वाचलेलं एक वर्ष तिथं मोलाचं आहे.

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षांतले काही तास तीन वर्षांवाल्यांबरोबर एकत्र व्हायचे. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. चेक न वटल्याचं कलम 138 सुरू झालं त्या दिवशी ते खाते क्रमांक शाईनं झाकलेला एक रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याचा बँकेचा कागद, घेऊन आले. हा हातात पडल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे आणि नोटीस पोचल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस मिळतात, हे त्यांनी त्या कागदावर बोट ठेवून समजावलं. त्यानंतर मला ते पाठ करावं लागलं नाही. पाच वर्षांच्या वर्गात सगळे एकाच वयाचे असतात, असे काका तिथं भेटत नाहीत.

माझा अनुभव एकाच कॉलेजचा आहे. सतराव्या वर्षीच कंपनी कायद्यात जायचं पक्कं असेल आणि पाचही वर्षांच्या फीची घरी तजवीज असेल, तर जोडपदवी घ्यायला हरकत नाही. भाचीनं यंदा पाच वर्षांची सीईटी दिली, मार्कही छान आहेत. तरी बीकॉमची जागा आधी पक्की करून ठेवू, असं मी ताईला सांगितलंय.